डोकेदुखी सोडा, आधी तारीख मोजा

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदारांनी विचारलं आहे, आणि अशी पत्रं या भागातून नेहमी येतात. बागेत २२० केव्ही (किलोव्होल्ट) उच्चदाब लाइनचा टॉवर, तारा घरापासून पंधरा मीटरवर. पाया खणून पावणेतीन वर्षं झाली. पीक नुकसानीचा चेक घेताना कागद न वाचता सही केली. आता मुलाची डोकेदुखी दाखवून लाइन हलवता येईल का?

त्या मुद्द्यावर केस टिकणं कठीण. विजेच्या तारांभोवतीच्या, ५० हर्ट्झसारख्या कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्राला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं, तेही सरासरी ०.३-०.४ मायक्रोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) वर राहणाऱ्या मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाच्या आकडेवारीवरून. कारण म्हणून ते सिद्ध झालेलं नाही. सामान्य लोकांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला. कंपनी पहिल्याच तारखेला तो आकडा पुढे करील. मुलाला डॉक्टरांना दाखवा, ते वेगळं.

मांडवाच्या तारेला हात लावला की मुंग्या येतात म्हणता, ते मात्र खरं असणार. लाइनखालच्या लांब तारेत व्होल्टेज तयार होतं. त्याला जमिनीत जायला सहज वाट नसली की ते हाताला जाणवतं. तारा अर्थिंग करून द्या, असं कंपनीला लेखी कळवा.

लाइन हलवण्यापेक्षा मोबदला मागा, आणि तिथे सगळं अडलंय ते मुदतीवर. वीज कायद्याच्या कलम १६४ खाली कंपनीला तार कायद्याचे (जुना टेलिग्राफ कायदा) अधिकार दिलेले असतील (बहुधा असतात), तर मोबदल्याचा वाद त्याच तार कायद्याच्या कलम १६(३) नुसार जिल्हा न्यायाधीशांकडे जातो. त्या कलमात मुदत नाही, म्हणून लोक निवांत बसतात. पण सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये केरळ वीज मंडळाच्या प्रकरणात मुदत कायद्याचा अनुच्छेद १३७ लावला: तीन वर्षं. ती कुठून धरायची यावर वाद घालता येतो, पण तुम्ही पाया खणल्याच्या दिवसापासूनच धरा. कंपनीला पाठवलेल्या अर्जांनी मुदत थांबत नाही. तुमच्याकडे तीन महिने उरलेत, त्यातले पंधरा दिवस नकला काढण्यातच जातील.

सही केलेल्या कागदाची नक्कल आजच मागा. त्यात फक्त पीक-झाडांचा उल्लेख असेल तर जमिनीच्या घटलेल्या किमतीचा दावा शाबूत आहे; 'पूर्ण व अंतिम' लिहिलं असेल तर झगडावं लागेल. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के, तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के आहे. जुन्या लाइनला तो दर मिळेलच असं नाही, तरी मागा. मोजणी नकाशा, सातबारा आणि शेजारची खरेदीखतं पहिल्याच अर्जाला जोडा, कारण जिल्हा न्यायाधीशांचा निर्णय अंतिम असतो, त्यावर अपील नाही.