दाढेतलं सिमेंट आणि कडेची काळी रेघ

सहा महिन्यांपूर्वी इंदिरानगरला दाढेत पांढरं सिमेंट भरलं, आता कडेला काळी रेघ दिसतेय, कीड न लागणारं मटेरियल कुठलं, असं तुम्ही विचारलंय. वाचलं आणि माझी डावीकडची दाढच आठवली. मी डॉक्टर नाही, पेशंट म्हणून सांगते.

कीड सिमेंटला लागत नाही, सिमेंट आणि दाताच्या मधल्या फटीत लागते. कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं, प्लास्टिकसारखं सिमेंट) लाइटखाली कडक होताना साधारण २ ते ३ टक्के आकसतं. कडेची पकड सुटली की तिथे जंतूंचा थर बसतो. चांदी, म्हणजे चांदी-पाऱ्याचं मिश्रण, गंजते, पण तो गंजच हळूहळू फट बुजवतो. ग्लास आयोनोमर हे दुसरं पांढरं सिमेंट कीड रोखणारं फ्लोराइड सोडतं, पेस्टमधून थोडं परत शोषूनही घेतं. पण चावायच्या जागी लवकर झिजतं.

माझं नुकसान मात्र मटेरियलने केलं नाही. दोन दाढांच्या मधे भरलेलं सिमेंट हिरडीपाशी बाहेर आलं होतं. फ्लॉस (दातांच्या फटीतून फिरवायचा दोरा) दर वेळी तिथेच फाटायचा, मिसळीतली शेव तिथेच अडकायची. जिथे भरलं होतं त्या क्लिनिकमध्ये दोनदा गेले. दोन्ही वेळा खुर्चीत न बसवता काउंटरवरूनच उत्तर: "दुखत नाही ना? मग होईल सवय." आणि मी ऐकलं! दीड वर्ष. ठणका लागला तेव्हा कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली होती. रूट कॅनाल, वर कॅप. तेव्हाच ती कड घासून दिली असती तर दाढ वाचली असती. आजही संताप होतो.

काळी रेघ म्हणजे कीडच असं नाही, चहाचा डागही असतो. लगेच उकरून घेऊ नका, दर वेळी थोडा चांगला दातही जातो. दोन दातांमधलं असेल तर बाइटविंग एक्स-रे (दोन दातांमधली कीड दाखवणारा) मागा. नव्याने भरायचंच ठरलं तर मटेरियलच्या आधी रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) लावणार का आणि पॉलिश करणार का, हे विचारा. ओल्या दातावर कॉम्पोझिट नीट चिकटत नाही, आणि खरखरीत पृष्ठभागावर थर जास्त साचतो. माझ्या मते हे दोन प्रश्न ब्रँडपेक्षा महत्त्वाचे.

कोळशाची पेस्ट, जाडंभरडं मंजन वापरत असाल तर बंद करा. ब्रशनंतर खळखळून चूळ भरू नका, नुसतं थुंका, म्हणजे फ्लोराइड टिकतं.

आणि आज रात्री त्या दाढेपाशी फ्लॉस फिरवून बघा. फाटला तर दुखत नसलं तरी उद्याच जा, आणि खुर्चीत बसवून तपासल्याशिवाय उठू नका.