‘सेफ्टीवाल्याला कोण विचारतं?’

इंजिनिअरिंग किंवा बी.एस्सी. करून चाकण, रांजणगाव, भोसरी, कुरकुंभच्या एमआयडीसीत लागलेली मुलं दोन-तीन वर्षांनी समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. सेफ्टीमध्ये मास्टर्स करू का? त्याला पुढे किंमत आहे का, की जन्मभर ‘हेल्मेट कुठंय, बूट कुठायत’ करत फिरायचं? घरच्यांचा प्रश्न याहून थेट असतो: चांगलं प्रॉडक्शन सोडून कुणी सेफ्टीत जातं का?

एका मुलीच्या निमित्ताने या प्रश्नावर मला सविस्तर काम करता आलं. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मेकॅनिकलची पदवी घेऊन ती गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लागली होती. प्रेस शॉपला शिफ्ट सुपरवायझर, अनुभव तीन वर्षांचा. येताना इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचं माहितीपत्रक घेऊन आली: कामाच्या जागेवरचं आरोग्य आणि सुरक्षा व्यवस्थापन, एक वर्षाचं एम.एस्सी. सोबत वडील. पिंपरीतल्या एका कारखान्यात फोर्जिंगला, म्हणजे तापलेलं लोखंड हॅमरखाली घडवण्याच्या कामात, उभी हयात काढून निवृत्त झालेले. कर्जाच्या कागदांवर सही त्यांचीच लागणार होती.

“मॅडम, सेफ्टीवाले मी आयुष्यभर बघितलेत,” ते म्हणाले. “चार मार्चला शपथ घ्यायची, छातीला बिल्ला लावायचा, घोषवाक्याच्या स्पर्धेत स्टीलचा डबा मिळवायचा. पाच तारखेला मशीनचा गार्ड परत कोपऱ्यात. सेफ्टीवाल्याला कोण विचारतं? प्रॉडक्शनला राहिली तर उद्या मॅनेजर होईल.”

४ मार्च १९६६ ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून तो दिवस देशभर पाळतात. वडिलांचं निरीक्षण खोटं नव्हतं आणि तसं मी त्यांना सांगितलंही. पुष्कळ ठिकाणी सुरक्षा फलकावर आणि फायलींतच राहते. मला खटकलं ते वेगळंच. मुलगी ‘स्कोप आहे’, ‘गल्फमध्ये मागणी आहे’ अशी पाठ केलेली उत्तरं देत होती. हाच विषय का, हे तिच्या तोंडून येतच नव्हतं.

पुढच्या भेटीला तिला एकटीला बोलावलं. झोप कशी लागते, एवढंच विचारलं. मग सगळं बाहेर आलं.

पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा साच्यात दाबून भाग घडवणाऱ्या यंत्राला, दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक पडायचा, म्हणजे प्रेस खाली येताना डायमध्ये (साच्यात) हात असूच शकत नाही, अशी ती योजना. तिच्या लाइनवर कॉन्ट्रॅक्टवरच्या एका मुलाने रात्रपाळीत एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलं होतं. जुन्या प्रेसवर हे चालतं. नव्या यंत्रांत बटण धरून ठेवलं तर पुढचा स्ट्रोकच पडत नाही. एका हाताने पीस काढायचा, दुसऱ्याने बटण दाबायचं. एका स्ट्रोकला त्याचा हातमोजा डायमध्ये राहिला. हात तेवढा बाहेर आला.

तिने वर सांगितलं. उत्तर मिळालं: टेप काढ, त्याला समज दे, टार्गेट चुकवू नकोस. निअर मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या, रजिस्टरला नोंद झालीच नाही. तिने टेप काढली, ती पुन्हा लागली. तेव्हापासून रात्री डोळा लागला की प्रेसचा आवाज येऊन ती दचकून उठत होती. “मास्टर्स झालं की माझं ऐकतील, मॅडम,” ती म्हणाली.

या वाक्यापाशी मी घाई करत नाही. घुसमटीतून सुटायला शिक्षणाचा आधार घेण्यात गैर काहीच नाही. पण पदवी हातात आली की लोक आपोआप ऐकतील, या अपेक्षेने गेलेली मुलं पहिल्याच नोकरीत खचतात. म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. झोप, भीती आणि ‘माझ्यामुळे त्याचा हात गेला असता’ हा अपराधीपणा, यावर स्वतंत्र भेटी झाल्या. त्यांचा तपशील इथे देत नाही. विषयाची ओढ खरी आहे का, हे पाहायला मात्र मी तिला एक काम दिलं. त्या मुलाला विचार, तू टेप का लावतोस. रागावायचं नाही, शिकवायचं नाही. ऐकायचं आणि लिहून आणायचं.

ती जे लिहून घेऊन आली ते वाचून मला फार बरं वाटलं. मुलगा उंचीने कमी. बटणांचा स्टँड उंच आणि बटणं एकमेकांपासून लांब, त्यामुळे पाळी संपेपर्यंत त्याचे खांदे भरून येत. त्यात पीस डायला चिकटायचा. सुटा करून टाकणारा इजेक्टर कधीचा नीट चालत नव्हता, म्हणून दर थोड्या वेळाने हात आत घालावा लागे. आणि तासाचं टार्गेट धरलं होतं ते इजेक्टर व्यवस्थित चालतो असं समजून. टेप हा त्याचा बेशिस्तपणा नव्हता. अशक्य आकडा गाठायला त्याने शोधलेली ती वाट होती. तिने खाली स्वतःहून पुढचं लिहिलं होतं: इजेक्टर दुरुस्त केला, पीस उचलायला चुंबकाचा चिमटा दिला आणि स्टँड खाली घेतला, तर टेपची गरजच राहणार नाही.

मी तिला म्हटलं, “तुझ्या त्या एम.एस्सी.चा पहिला पेपर तू लिहून आणला आहेस.”

या विषयाचा गाभा खरोखर एवढाच आहे. धोका दिसला की क्रमाने विचार करायचा. तो मुळातूनच काढून टाकता येतो का? नसेल तर कमी धोक्याचं साहित्य किंवा पद्धत वापरता येते का? मग यंत्रात बदल, गार्ड, सेन्सर. त्यानंतर नियम आणि प्रशिक्षण. हेल्मेट, हातमोजे, इअरप्लग सगळ्यांत शेवटी, कारण त्यांचा भरवसा सगळ्यांत कमी. वडिलांनी पाहिलेले सेफ्टीवाले या क्रमाच्या शेपटापासून सुरुवात करत होते, आणि त्याच्या पलीकडे जाण्याचा अधिकार बहुधा त्यांना कुणी दिलाच नव्हता.

पदव्युत्तर अभ्यासात याच विचाराला हत्यारं मिळतात. रासायनिक प्रक्रियेत काय काय बिघडू शकतं हे ओळीने तपासणारी हॅझॉप पद्धत, अपघाताची कारणं मागे मागे शोधत नेणारं फॉल्ट ट्री, हवेतली धूळ आणि सॉल्व्हंटची वाफ मोजणं, खांदे-कंबरेच्या दुखण्यामागचं एर्गोनॉमिक्स (काम माणसाच्या शरीराला जुळवून घेण्याचं शास्त्र), कामाचा मानसिक ताण, कायदा, संख्याशास्त्र आणि शेवटी प्रबंध. सुरक्षा व्यवस्थापनाचं मानक आयएसओ ४५००१ हे २०१८ चं. मानसिक आरोग्यासाठीचं ४५००३ हे २०२१ चं. ‘व्यवस्थापन’ हा शब्द अभ्यासक्रमाच्या नावात आहे तो याच्यासाठी: इजेक्टरचा खर्च, थांबलेल्या लाइनचा खर्च आणि गेलेल्या बोटांचा हिशेब प्लांट हेडसमोर एका कागदावर मांडता यावा. ते शिकता येतं, आणि ते शिकलेल्या माणसांची आपल्या पट्ट्यात फार गरज आहे.

आता कुठला कोर्स, हा प्रश्न. इथे पालकांची सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

महाराष्ट्रात कारखान्याचा वैधानिक सेफ्टी ऑफिसर व्हायला राज्याचे १९८२ चे नियम पाहावे लागतात. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर कारखान्यात पर्यवेक्षकाचा किमान दोन वर्षांचा अनुभव. फिजिक्स किंवा केमिस्ट्रीची पदवी असेल, किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा असेल, तर पाच वर्षांचा. त्याच्या जोडीला राज्य सरकारने मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा पदविका. आणि बहुसंख्य कामगार बोलतात त्या भाषेचं पुरेसं ज्ञान. आपल्याकडे ही पदविका म्हणजे एमएसबीटीईची (राज्य तंत्रशिक्षण मंडळाची) एडीआयएस, म्हणजे औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका, किंवा मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतली. नेबॉश या ब्रिटिश परीक्षा मंडळाचं प्रमाणपत्र आखातात आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांत उपयोगी पडतं, पण या पदासाठी ते पुरत नाही. परदेशी एम.एस्सी.चंही तेच: ज्ञान उत्तम मिळेल, तरी राज्याच्या मान्यतेची अट त्याने आपोआप भागत नाही. देशात एम.टेक. करायचं असेल तर तिरुचिरापल्लीच्या एनआयटीत औद्योगिक सुरक्षा अभियांत्रिकी आहे. कुठेही पैसे भरण्याआधी मान्यतेचा कागद मागा आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात, म्हणजे सगळे ‘डिश’ म्हणतात तिथे, विचारून खात्री करा.

मागणीबद्दलही एक ठोस गोष्ट आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात सेफ्टी ऑफिसरची सक्ती साधारणपणे हजार कामगारांपासून पुढे होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत ती मर्यादा कारखान्यांना पाचशे, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांना अडीचशे आणि बांधकामालाही अडीचशे कामगारांची आहे. चाकण-तळेगावचे मधल्या आकाराचे किती कारखाने या कक्षेत येतील, आणि पुण्याच्या कडेने किती टॉवर उभे राहताहेत, ते वडिलांनी स्वतःच मोजायला घेतलं.

‘मुलीला हे क्षेत्र बरं का’ असं तिच्या मामांनी विचारलं होतं. जून २०२१ मध्ये मुळशीतल्या उरवड्याच्या रासायनिक कारखान्यात आणि डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्याच्या स्पार्कल मेणबत्त्यांच्या कारखान्यात आगीत गेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. कामाला बाया चालतात, मग त्यांचे जीव सांभाळायला बाई का चालू नये? मी हे मामांपर्यंत पोचवायला सांगितलं.

वडिलांशी झालेलं खरं बोलणं शेवटच्या भेटीतलं. बोलताना ते डावा कान पुढे करत, हे मी पहिल्या दिवसापासून पाहत होते. मी विचारलं, “काका, कान कधीपासून कमी झाला?”

“हॅमरशॉपला सगळ्यांचंच होतं मॅडम. त्यात काय.”

मुलगी म्हणाली, “बाबा, तो आजार आहे. कायद्याच्या यादीत आहे.” आधी कारखाने कायद्याच्या आणि आता नव्या संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत नोंद करणं बंधनकारक असलेले एकोणतीस आजार आहेत, आणि आवाजाने येणारं बहिरेपण त्यांतलं एक. ऐकण्याच्या आलेखात ते आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास खळगा पाडतं. तेव्हा माणसाला अजून नीट ऐकू येत असतं. दरवर्षी तपासणी झाली आणि तो खळगा वेळेवर कुणी वाचला, तर माणसाला त्या जागेवरून हलवता येतं, हॅमरच्या भोवती आवाज अडवणारं आवरण करता येतं. हे सगळं तिने माहितीपत्रकाच्या पलीकडे जाऊन वाचलं होतं.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, “आमची तपासणी व्हायची. चिठ्ठ्या कुठे जायच्या?”

त्या चिठ्ठ्या कुणीतरी वाचाव्यात, ओळीने मांडाव्यात, त्यातून शॉपचा नकाशा करावा, हे काम कुणाचं, असं मी त्यांनाच विचारलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. कर्जाला मात्र त्यांचा विरोध तसाच राहिला. निवृत्तीच्या पैशाला हात लावायला ते बिचकत होते आणि त्यात मला काही चूक वाटलं नाही.

माझा सल्ला असा होता: आधी इथली मान्यताप्राप्त पदविका. तीन वर्षांचा पर्यवेक्षणाचा अनुभव तिच्याकडे आहेच, त्यामुळे ती झाली की वैधानिक पदाचा रस्ता खुला होतो. मग दोनेक वर्षं प्रत्यक्ष सेफ्टीत काम, शक्य तर केमिकल किंवा बांधकामात, म्हणजे प्रेसच्या पलीकडचे धोकेही हाताखालून जातील. मास्टर्स त्यानंतर. तेव्हा प्रबंधाला स्वतःचा प्रश्न असेल आणि खर्चाचा काही भाग स्वतःच्या पगाराचा. ज्याला थेट परदेशातच स्थायिक व्हायचं आहे, किंवा संशोधनात जायचं आहे, त्याला मी हा क्रम सांगणार नाही. तिथे मास्टर्स आधी हेच बरोबर. पण चाकणच्या शॉपफ्लोअरवर फरक पाडायची इच्छा असलेल्या मुलीसाठी मला याहून चांगली वाट दिसत नाही.

आणखी एक तयारी तिच्याकडून करून घेतली: नाही म्हणण्याची. लाइन थांबवायची वेळ आली तर पहिलं वाक्य काय असेल, ते कुणाला सांगायचं, लेखी कुठे द्यायचं, समोरचा ओरडला तर दुसरं वाक्य काय. आम्ही ते माझ्या खोलीत पुन्हा पुन्हा बोलून पाहिलं. सुरुवातीला तिचा आवाज कापायचा. हे कुठल्याही अभ्यासक्रमात पुरेसं शिकवत नाहीत, आणि या पेशात रोज लागतं.

इजेक्टरचा कागद तिने मेंटेनन्सच्या खर्चासह लिहून दिला. इजेक्टर दुरुस्त झाला, स्टँड खाली आला. टार्गेट अजून बदललेलं नाही; त्यावर तिचं भांडण चालू आहे. पदविकेचा अर्ज भरून झाला आहे. झोप पूर्वीपेक्षा बरी आहे, पण रात्रपाळीच्या आठवड्यात बिघडते, म्हणून आमच्या भेटी अजून थांबवलेल्या नाहीत. इंग्लंडचं माहितीपत्रक वडिलांनी स्वतःकडे ठेवून घेतलं आहे आणि फीचे आकडे घेऊन पुढच्या महिन्यात बसायचं ठरलं आहे.