अठरा पौंडी तोफ नेमकी किती लांब?

प्रश्न : एचएमएस ट्रिंकोमाली या जहाजाची १:४८ प्रमाणात प्रतिकृती करतोय. वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेलं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं सागवानी जहाज. अडलोय तोफांच्या ड्रॉइंगवर. अठरा पौंडी तोफ (१८ पौंडांचा गोळा फेकणारी) एका पुस्तकात ८ फूट, दुसऱ्यात ९ फूट, आणि एका जुन्या ड्रॉइंगवर पट्टी लावली तर पावणेदहाच्या घरात भरते. खरी कोणती?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तिन्ही खरी असू शकतात. इंग्रज तोफेची लांबी तोंडापासून बुडाच्या मोठ्या कड्यापर्यंतच धरत. त्यामागची गोंड्यासारखी मूठ हिशेबात नसे. तुम्ही पट्टी मुठीच्या टोकापर्यंत लावली असणार, म्हणून पावणेदहा.

८ आणि ९ फूट हे मात्र दोन वेगळे माल. गोळा तोच, पण ९ फुटी तोफ ४२ हंड्रेडवेटच्या (एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड) आसपास आणि ८ फुटी ३७ च्या. ट्रिंकोमाली ही लीडा वर्गातली, म्हणजे त्या नावाच्या एकाच आराखड्यावरच्या जहाजांपैकी, ३८ तोफांची फ्रिगेट (वेगवान युद्धनौका). मुख्य तोफडेकवर २८ अठरा पौंडी. तिथे ९ फुटीच काढा. पण प्रतिकृती कोणत्या सालची, हे आधी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहून टाका. हे जहाज १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोहोचलं आणि १८४५ पर्यंत राखीव पडून राहिलं. मग फेरबदल होऊन २६ तोफांचं झालं. त्या २६ तोफा वेगळ्या, तुमच्या कामाच्या नाहीत.

नमुना ब्लोमफील्ड या इंग्रज तोफरचनाकाराचा घ्या. ओळखायची खूण सोपी : मुठीच्या वर एक कडं असतं, त्यातून तोफेला मागे आवरणारा जाड दोर जातो. कडं नसेल तर बहुधा आधीचा आर्मस्ट्राँगचा नमुना समोर आहे. एकाचं बूड आणि दुसऱ्याचं तोंड जोडलेली ड्रॉइंगं मी बरीच पाहिली आहेत, आणि ती दिसायला फार सुबक असतात.

नळीचं, म्हणजे आतल्या पोकळीच्या व्यासाचं, माप गोळ्यावरून निघतं. गोळ्याच्या व्यासाचे २० भाग केले तर नळी २१ भागांची. १८ पौंडी गोळा ५.०४ इंच, म्हणून नळी ५.२९ इंच. तुमच्या प्रमाणात २.८ मिलिमीटर. बारीक दिसतंय म्हणून ड्रिल वाढवू नका.

आता पडताळा. याच्याशिवाय मी कुठलंही ड्रॉइंग पास करत नाही. खऱ्या तोफांवर वजन तीन आकड्यांत कोरलेलं असतं. समजा ४२-१-१४ आहे. पहिला आकडा हंड्रेडवेटचा. दुसरा त्याच्या चौथाईचा, २८ पौंडांचा. तिसरा सुटे पौंड. बेरीज ४७४६ पौंड, म्हणजे सुमारे २१५३ किलो. तुमच्या ड्रॉइंगचे एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत असे तुकडे पाडून घनफळ काढा, नळीची पोकळी वजा करा, मूठ आणि दोन्ही बाजूंचे खुंट (ज्यांवर तोफ गाड्यावर टेकते) मिळवा, आणि बिडाच्या घनतेने, म्हणजे ७.२ ने, गुणा. लिटरात घनफळ घेतलंत तर उत्तर थेट किलोत येईल. शे-दोनशे किलोंचा फरक पडला तर लांबीवर शंका घेण्याआधी बुडाकडचे व्यास तपासा. व्यासातली चूक वर्गाने वाढते.

संग्रहालय-जहाजांच्या फोटोंवरून मापं घेऊ नका. तिथल्या पुष्कळ तोफा नकली असतात.

मोजायचा हात बसवायचा असेल तर अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात जा. उत्तरेकडच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यावर दोन इंग्रजी तोफा आहेत, यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलेल्या. तुमच्या जहाजाच्या त्या नव्हेत, तेव्हा मापं उचलू नका. पण शिंप्याचा टेप गुंडाळून घेर घ्यायचा आणि ३.१४१६ ने भागून व्यास काढायचा, हा सराव तिथे छान होतो. ओहोटीची वेळ आधी बघून घ्या.