पार्किन्सनमध्ये, म्हणजे हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजारात, डोपामाइन हे रसायन कमी पडतं, तर डोपामाइनचीच गोळी का देत नाहीत? आणि ते जास्त झालं की वेड लागतं का?

पहिला प्रश्न मीही नागपूरच्या धंतोलीत न्यूरॉलॉजिस्टसमोर बसून विचारला होता. बाबांना एक संत्रं सोलायला दहा मिनिटं लागायला लागली होती, सही मुंगीएवढी झाली होती. पार्किन्सन निघाला.

मेंदूतल्या दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये फट असते, मिलिमीटरच्या साधारण ५०,०००व्या भागाएवढी. विजेचा संदेश अलीकडच्या काठावर थांबतो. तिथून रसायन सुटतं, पलीकडच्या पेशीवर जाऊन बसतं आणि काम झालं की परत ओढून घेतलं जातं किंवा मोडलं जातं. डोपामाइन त्यातलंच एक. पार्किन्सनमध्ये ते बनवणाऱ्या मध्यमेंदूतल्या पेशीच मरत जातात.

डोपामाइनची गोळी दिली तरी ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून लेव्होडोपा हे औषध देतात. ते शिरतं आणि आत त्याचं डोपामाइन होतं. पण ज्या वाटेने ते शिरतं, तीच वाट प्रथिनांतली अमिनो आम्लंही वापरतात! हे आम्हाला एका रविवारी सावजी मटणानंतर कळलं. गोळी घेऊनही बाबा दुपारभर खुर्चीतून उठेनात. आता गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास.

(लेव्होडोपाचा हा गुण सापडला सशांवर. १९५७च्या सुमारास स्वीडिश शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांनी सशांना आपल्या सर्पगंधेतलं रेसरपिन दिलं, ससे निपचित पडले. लेव्होडोपा दिल्यावर पुन्हा हलू लागले. २०००मध्ये नोबेल.)

सेरोटोनिन हे असंच आणखी एक रसायन. पण डिप्रेशनचं 'सेरोटोनिन कमी झालं' हे सरळ गणित मला पटत नाही. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांनी सेरोटोनिनवर परिणाम काही तासांत सुरू होतो, माणसाला बरं वाटायला मात्र काही आठवडे लागतात. म्हणून चार दिवसांत गोळी सोडू नका.

आता वेडाचं. डोस वाढवल्यावर बाबांना पलंगावर मांजर दिसू लागलं. आमच्याकडे मांजर नाही. उलट, स्किझोफ्रेनिया या भास-भ्रमांच्या मानसिक आजाराची बहुतेक औषधं डोपामाइनची जागा अडवतात, त्यामुळे काहींचे हातपाय पार्किन्सनसारखे ताठरतात. रसायन तेच, मेंदूतले त्याचे रस्ते वेगवेगळे, आणि गोळी बापडी सगळीकडे जाते. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडही तेच करतं. पार्किन्सनच्या माणसाला ते मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका.

डॉक्टरांनी डोस थोडा उतरवला. मांजर गेलं, पण संत्र्याला पुन्हा वेळ लागतो.