बेरोजगार नेमकं कोणाला म्हणायचं? वाचकांचे प्रश्न

चार वर्षं एमपीएससीची तयारी करतोय, कमाई शून्य. सरकारी आकड्यात मी बेरोजगार आहे का? (एक विद्यार्थी, परभणी)

रोजगाराच्या सरकारी पाहणीला आलेल्या माणसाला तुम्ही काय सांगता, त्यावर ते ठरतं. काम शोधत असाल किंवा मिळालं तर करायची तयारी असेल, तर बेरोजगार. ‘सध्या फक्त अभ्यास’ म्हणालात, तर तुम्ही श्रमबलातच, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम हवं असलेल्या माणसांतच नाही. आणि बेरोजगारीचा दर निघतो तो श्रमबलातल्या माणसांवर. अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षं बसलेली कितीतरी मुलं त्यामुळे या दरातून निसटतात.

आमचा कांदा आणि द्राक्षबाग. खुरपणीपासून काढणीपर्यंत मी राबते, पैसे नवऱ्याच्या खात्यात जातात. माझी गणती कशात? (एक शेतकरी भगिनी, निफाड)

ताई, तुमची गणती रोजगारात होते. घरच्या उद्योगातली बिनपगारी मदतनीस, असा तो गट आहे. २०१७-१८ मध्ये १५ वर्षांवरच्या २३.३ टक्के स्त्रिया श्रमबलात होत्या. २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. झेप मोठी आहे. पण त्या वर्षी काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून जास्त तुमच्यासारख्या बिनपगारी होत्या. तुमचे कष्ट मोजले जातात हे योग्यच. मात्र हातात रुपयाही न देणाऱ्या कामाच्या जोरावर ‘रोजगार वाढला’ म्हणणं मला मान्य नाही.

२०२३-२४ चा बेरोजगारीचा दर कुठे ३.२ टक्के वाचला, कुठे ४.९. खरा कोणता? (एक वाचक, ठाणे)

दोन्ही खरे, आणि दोन्ही एकाच सरकारी पाहणीतले. पहिला वर्षभराच्या मापाचा, दुसरा आठवड्याच्या.

बीडचं ऊसतोड जोडपं घ्या. मुकादमाकडून उचल घेऊन दोघं मिळून ‘एक कोयता’ म्हणून कारखान्यावर जातात, पाच-सहा महिन्यांनी परततात. पुढे पावसापर्यंत हाताला काम नसतं. वर्षाच्या मापात ती दोघंही रोजगारात. कारण तिथे तीसेक दिवसांचं जोडकामसुद्धा पुरतं. आठवड्याच्या मापात मात्र, मागच्या सात दिवसांत तासभरही काम मिळालं नसेल आणि ते शोधत असतील किंवा करायला तयार असतील, तर बेरोजगार. तासभर मिळालं, की पुन्हा रोजगारात!

भारतातलं काम एकाच मापात बसत नाही, हे बेरोजगारी कशी मोजायची याचा अभ्यास करणाऱ्या दांतवाला समितीने १९७० मध्येच सांगितलं होतं. म्हणून बातमीत दर दिसला, की आधी माप कोणतं ते बघा.

मग बेरोजगारी कमी कशी होणार? (अनेक वाचक)

ज्याची त्याची बेरोजगारी वेगळी, तसा उपायही. मजुरांपुरतं उत्तर महाराष्ट्रानेच शोधलं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली, पुढे तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हे त्याचं सूत्र. नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर मुळात याच योजनेसाठी लावला गेला. पाझर तलाव, नालाबांध झाले. १९९० नंतर फळबागाही आल्या. देशाचा २००५ चा रोजगार हमी कायदा याच वाटेने आला.

पदवीधरांची बेरोजगारी मात्र बांधबंदिस्तीने मिटत नाही. त्यांच्यासाठी रिक्त सरकारी पदं वेळेत भरा, परीक्षेचं वेळापत्रक पाळा आणि तालुक्याच्या एमआयडीसीत शिकाऊ उमेदवारांना पगारासह घ्या. यातलं पहिलं तर उद्यापासून करता येईल, त्याला नव्या योजनेची गरजच नाही.