नावात टेक्नॉलॉजी आहे, तिथंच गोम आहे

"दादा, पॉलिटेक्निक झालंय, कॅनडात ऑन्टारिओतल्या एका कॉलेजात कम्प्युटर इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीला अ‍ॅडमिशन मिळतंय, येऊ का?" असं विचारलंस. जीआयसी (राहण्याच्या खर्चासाठी तिथल्या बँकेत ठेवायचे पैसे), पीएएल (प्रांताचं संमतीपत्र), वर्क परमिट हे सरकारी साइटवरच बघ, 2024 पासून नियम इतके बदललेत की माझं ऐकून फसशील. मी दुसरंच सांगतो.

दोन वर्षांचा कोर्स केलास की टेक्निशियन, तीन वर्षांचा केलास की टेक्नॉलॉजिस्ट, हातात अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा. इंजिनिअर नाही. प्रांताचं लायसन्स नसेल तर इथं प्रोफेशनल इंजिनिअर म्हणवून घेता येत नाही, कायदाच आहे. आपल्याकडं फर्स्ट इयरलाच कॉलर ताठ. डिग्री हवीच असेल तर थंडर बेची लेकहेड युनिव्हर्सिटी डिप्लोमावाल्यांकडून उन्हाळ्यात ट्रान्झिशनचे विषय करून घेते आणि मग पुढं दोन वर्षांत डिग्री. मला हे कळलं तेव्हा कर्ज डोक्यावर बसलेलं.

शिकवतात मात्र झकास. तिकडं बीईला 8085 मायक्रोप्रोसेसरच्या एका किटभोवती आम्ही आठजण, एक बटणं दाबणार, बाकीचे रीडिंग उतरवणार. इथं ब्रेडबोर्ड, मल्टीमीटर, सोल्डर गन सगळं ज्याचं त्याचं. आकडे दाखवणारा सेव्हन सेगमेंट डिस्प्ले दोन तास पेटेना, सगळ्या वायरी उपटून परत लावल्या, शेवटी शेजारी बसलेला पंचेचाळिशीचा माजी ट्रक ड्रायव्हर म्हणाला, अरे तू कॉमन अ‍ॅनोडच्या जागी कॉमन कॅथोड आणलायस, त्याची जोडणी बरोबर उलटी. त्यानं आदल्या आठवड्यात तेच केलं होतं.

आता जे अजून डोक्यातनं जात नाही ते. बीईचे विषय माफ होतील म्हणून विद्यापीठाचा सिलॅबस मागवला, पानापानावर शिक्का पाहिजे, 112 पानं. वडील एसटीनं तीनदा गेले. एकदा साहेब जेवायला, एकदा शिक्का कपाटात आणि किल्लीवाला रजेवर. चार महिन्यांनी पाकीट आलं आणि इथल्या कॉलेजनं माफ केले किती, तर दोन विषय. कम्युनिकेशनसुद्धा नाही, म्हणजे बीई होऊन मी फी भरून ईमेल लिहायला शिकलो!

एकटेपणाचं म्हणशील तर फेब्रुवारीत येतो, एप्रिलमध्ये जातो. टोरोंटोजवळ ब्रॅम्प्टनला ज्वारीचं पीठ मिळतं.

मी आता एका कंपनीत सर्किट बोर्ड टेस्ट करतो, पगार ठीक आहे, काम आवडतं. पण वडील गावात सांगतात पोरगं कॅनडात मास्टर्स करून इंजिनिअर झालं. सुरुवातीला फोनवर मी नुसतं हं म्हणालो होतो, ते तसंच राहिलं, आणि त्या 112 पानांसाठी हेलपाटे घातलेल्या माणसाला आता डिप्लोमा म्हणून कसं सांगू.

को-ऑप, म्हणजे शिकता शिकता कंपनीत काम करायला मिळतं, तो असलेलाच कोर्स बघ. आणि घरी नक्की काय सांगितलंयस ते कळव.