मुलांनी केलेल्या खऱ्या गुन्ह्यांवर सिनेमा काढणं योग्य आहे का?

काढावा, पण बळी गेलेल्या मुलाच्या आईवडिलांना आधी भेटून. १९९३ मध्ये लिव्हरपूलजवळ दहा वर्षांच्या दोघांनी दोन वर्षांच्या बाळाला मारलं. पोलीस चौकशीच्या नोंदींवरून २०१८ मध्ये त्यावर लघुपट निघाला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. बाळाच्या आईला मात्र कुणी विचारलंच नव्हतं. मला हे अक्षम्य वाटतं.

आपल्याकडे बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७४ गुन्ह्यात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करू देत नाही. पण मुंबईत नुसतं नाव बदलून काय होतं? चाळ, शाळेचा गणवेश, गल्लीतला गणपतीचा मंडप दिसला की अख्खी वस्ती ओळखते. डोंगरीच्या सुधारगृहातून सुटलेल्या पोराला मग कामावर कोण ठेवणार? जागा, वय, घरातली नाती, सगळंच बदलावं लागतं. आणि शूटिंगआधी संहिता बालहक्कांचं काम करणाऱ्या वकिलाला वाचायला द्या.